ई-सायकल मध्येच बंद पडते? आधी बॅटरीची बैठक बघा

खड्ड्यातून गेलं की डिस्प्ले विझतो आणि जरा वेळाने पुन्हा उजळतो? मग मोटर, कंट्रोलर बहुधा ठीक असतात, बॅटरी सरकवून बसवतो तिथलं कनेक्शन ढिलं असतं. बॅटरी बंद करून काढा आणि धातूच्या पिना उजेडात निरखा. हिरवट थर असेल (पावसाळ्यात हमखास येतो) तर कोरड्या ब्रशने साफ करा. पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळलेलं असेल तर घासत बसू नका, कनेक्टरच बदला.

फक्त चढावर बंद पडत असेल तर प्रकरण वेगळं. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर साधारण ४२ व्होल्ट दाखवते. उभ्या सायकलवर ३८ आणि जोर लागताच ३०-३१, असं होत असेल तर सेल थकलेत. आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) त्यांना वाचवायला पुरवठा तोडतं. बॅटरीची पेटी घरी उघडायची नाही, ते काम जाणकाराचं.

डिस्प्ले चालू पण मोटर गप्प? ब्रेकचा लिव्हर पूर्ण परत येतोय का बघा. त्यात मोटर थांबवणारा स्विच असतो. माझा लिव्हर चिखलाने अडकला होता आणि मी दोन दिवस वायरी तपासत बसलो होतो!