लोडर आपोआप खाली बसतोय? सील किट आणण्याआधी हे बघा

शेणखताने भरलेली बकेट वर ठेवून चहाला गेलो आणि येईतो ती जमिनीला टेकली, की आपण लगेच सील किटसाठी (सिलिंडरमधल्या तेल अडवणाऱ्या सीलचा संच) पुण्याजवळची भोसरी गाठतो. जरा थांबा. पुष्कळदा बकेट उचलणारा सिलिंडर बिचारा निर्दोष असतो, तेल कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (लिव्हरने सरकणारा, तेलाची वाट उघडझाक करणारा आतला दांडा) निसटत असतं.

आधी लिव्हर पूर्ण न्यूट्रलला येतोय का ते बघा. मग तेल गरम असताना रिकामी बकेट फूटभर उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. इंजिन बंद करा, लिव्हर पुढेमागे हलवून दाब उतरवा. एका लिफ्ट सिलिंडरचा दांड्याकडचा होज काढून त्याला बूच मारा, सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा. ठोकळे तसेच ठेवून बकेट चार बोटं उचला आणि इंजिन बंद करा. सुरुवातीला थोडं तेल येणारच. नंतरही गळत राहिलं तर पिस्टनचं सील गेलंय. दुसरा सिलिंडरही असाच तपासा. दोन्ही कोरडे, तरी बकेट बसतेय? मग व्हॉल्व्ह. तासाभरात थोडी बसली तर मात्र सोडून द्या, स्पूलमध्ये तेवढी फट असतेच.

गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा; दाबातलं तेल कातडीत घुसतं.