पहिलं बीसीडी घेताना: वीस हजारांत काय बघावं

मालवणला स्कूबा डाइव्हला गेले की भाड्याचं जे बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जॅकेट, मिळायचं ते बहुतेक वेळा 'लार्ज' असायचं. माझी उंची पाच फूट एक इंच. पाण्यावर येऊन इन्फ्लेटरचं, म्हणजे हवा भरायच्या नळीवरचं, बटण दाबलं की जॅकेट वर जायचं आणि मी खालीच राहायचे. खांद्याचे पट्टे कानाशी, हनुवटी फुगलेल्या कापडात रुतलेली. होडीवरच्या दादांनी एकदा सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघितले आणि म्हणाले, "ताई, ह्यां तुमका मोठां होता." त्याच दिवशी ठरवलं, स्वतःचं घ्यायचं. पुण्या-मुंबईत नव्याचे जे भाव कळले ते तीस हजारांच्या पुढचे होते आणि माझ्याकडे होते २०,०००. म्हणजे वापरलेलंच घ्यावं लागणार होतं. अशा बेताच्या पैशात पहिलं बीसीडी शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी एक विचार करा. वर्षाला चार-पाचच डाइव्ह होत असतील तर अजून थांबा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डाइव्हच्या पैशांतच सगळं सामान मिळतं, आणि स्वतःचं आणलं म्हणून दर कमी होईलच असं नाही; ते आधी विचारून घ्या. तोवर चेहऱ्याला नीट बसणारा मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) घ्या. वर्षाला पंधरा-वीस डाइव्ह होऊ लागल्या की मग बीसीडी.

बीसीडी म्हणजे हवेची पिशवी, ती आणि टँक अंगाला धरून ठेवणारे पट्टे, आणि हवा आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह. पैसे या तिन्हींवर घालायचे. खिसे, रंग, चमकते डी-रिंग यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ मापावर द्या. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी जाताना स्वतःचा वेटसूट (डाइव्हला घालायचा रबरी सूट) बरोबर न्या आणि तो घालूनच बीसीडी चढवा. टी-शर्टवर घेतलेलं माप फसवं असतं. पट्टे आवळल्यावर ओढायला आणखी चार-पाच बोटं पट्टा उरला पाहिजे. तो तिथेच संपला तर ते तुमच्यासाठी मोठं आहे. मग पूर्ण फुगवा आणि पोटभर श्वास घ्या. छाती दाबली जात असेल तर नको. आता बरोबरच्या माणसाला दोन्ही खांद्यांपाशी धरून बीसीडी वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर पाण्यातही येणारच. टँक लावून मान मागे टाकून बघा, डोकं टँकच्या व्हॉल्व्हवर आपटतं का. शेवटी डोळे मिटा आणि हाताने चाचपून इन्फ्लेटर शोधा, कमरेमागच्या डम्प व्हॉल्व्हची, म्हणजे हवा सोडायच्या झडपेची, दोरी शोधा. मालवणला कधीकधी पाणी इतकं गढूळ असतं की या गोष्टी हातालाच माहीत असाव्या लागतात.

लिफ्टच्या, म्हणजे फुगलेली पिशवी किती किलो उचलून धरते त्याच्या, आकड्याला भुलू नका. जितकी जास्त तितकी सुरक्षित, असं मलाही वाटायचं. पण हिशेब मांडून बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारा ॲल्युमिनियमचा टँक ११ लिटरचा असतो आणि तो २०० बारला भरतात. म्हणजे साधारण २,२०० लिटर हवा, आणि तिचं वजन अडीच किलोच्या आसपास. डाइव्हच्या सुरुवातीला हे वजन तुमच्या अंगावर असतं, संपेपर्यंत बहुतेक उडून जातं. दुसरी गोष्ट वेटसूटची. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, सूट चेपला जातो आणि त्याची तरंगण्याची ताकद घटते. माझ्या ३ मिलिमीटरच्या सुटात हा फरक फार तर दीड-दोन किलोचा. दोन्ही मिळून साडेचार किलो. खाली जाता यावं म्हणून बांधायची शिशाची वजनं बरोबर घेतली असतील तर बीसीडीला एवढंच उचलायचं असतं. शिवाय पाण्यावर आल्यावर डोकं नीट वर राहावं म्हणून थोडी शिल्लक धरा. कोकण-गोव्याच्या कोमट पाण्यात, पातळ सुटात, माझ्यासारखीला १२-१३ किलोची लिफ्ट भरपूर झाली. वीस किलोची पिशवी जाड सुटांच्या थंड पाण्यासाठी ठीक आहे. इथे ते नुसतं जास्तीचं कापड, आणि त्याच्या घड्यांत हवा अडकून राहते. मात्र शिसं कमरेच्या पट्ट्याऐवजी बीसीडीच्याच खिशांत ठेवणार असाल तर अंगावरून काढलेलं सगळं सामान, भरलेल्या टँकसकट, स्वतःहून तरंगतं का ते बघा.

प्रकार तीन. जॅकेट पाण्यावर सरळ उभं धरतं, नवशिक्याला धीर देतं. फक्त पाठीवर फुगणारं पाण्याखाली आडवं राहायला मदत करतं, पण वर आल्यावर जास्त हवा भरली तर तोंड पुढे ढकलतं. किंचित मागे रेललं की सावरतं. तिसरा प्रकार पाठीवरची धातूची पाटी आणि तिला लावलेल्या विंगचा, म्हणजे सुट्या हवेच्या पिशवीचा. माझं मत विचाराल तर लहान किंवा फार मोठ्या चणीच्या माणसाने हाच आधी शोधावा. पट्टा अंगाप्रमाणे कापून लावता येतो, विंग फाटली तर तेवढीच बदलता येते. वापरलेला मात्र आपल्याकडे सहज मिळत नाही. मला मिळाला नाही, मी पाठीवर फुगणारं 'स्मॉल' घेतलं.

त्याआधी एकदा फसले होते. फोटो बघून, विकणाऱ्याच्या शब्दावर, कुरियरने एक जॅकेट मागवलं. रात्री फुगवून ठेवलं, सकाळी ते जमिनीला चिकटलेलं. खांद्याच्या डम्प व्हॉल्व्हच्या बैठकीत मिठाचे खडे झाले होते आणि आतल्या पिशवीची शिवणही एके ठिकाणी सुटली होती. ते पैसे गेले.

म्हणून वापरलेलं घेताना एक रात्र मागून घ्या. तोंडाने फुगवा, जादा दाबाचा व्हॉल्व्ह फुसकन हवा सोडेपर्यंत. दाब उतरला की तो आपोआप बंद झाला पाहिजे. मग रात्रभर ठेवा. पहाटेच्या गारव्याने किंचित सैल पडलं तर चालतं, चपटं झालेलं चालत नाही. शिवणींवर आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे बघा. रिकामं करून कानाशी हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर मीठ किंवा वाळू आहे.

इन्फ्लेटरला स्वतंत्र पाऊण तास द्या. हळूहळू आपोआप हवा भरणारा इन्फ्लेटर माणसाला नको तेव्हा वर ओढतो, आणि झपाट्याने वर येण्यात फुप्फुसांना धोका असतो. टँक उघडून होज (टँककडून हवा आणणारी नळी) जोडा, बटणाला हात न लावता दहा मिनिटं बसा. पिशवी जरासुद्धा फुगली तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करा, किंवा सोडून द्या. बटण दाबून सोडल्यावर झटकन वर आलं पाहिजे. हवा चालू असतानाच होज एका हाताने काढून बघा, कारण बटण अडकलं तर पाण्यात हेच करायचं असतं. इन्फ्लेटरचं टोक तुमच्या रेग्युलेटरच्या (टँकमधली हवा श्वासाला देणाऱ्या यंत्राच्या) होजशी जुळतं का तेही तपासा. ज्या इन्फ्लेटरमध्येच जादा रेग्युलेटर बसवलेला असतो, त्यांचं टोक बऱ्याचदा वेगळं असतं.

माझं शेवटी १३,५०० ला ठरलं. व्हॉल्व्हची रबरं बदलून इन्फ्लेटर साफ करायला अडीच हजार लागले. उरलेल्या पैशांतून वेट बेल्ट आणि शीळ घेतली. अंदमानला जायचा विचार असेल तर वजनकाट्यावर ठेवूनच घ्या; देशातल्या विमानात साधारण १५ किलोच सामान नेता येतं आणि जाड जॅकेट त्यातले चार किलो एकटं खातं.

पहिल्या डाइव्हला टँकचा पट्टा आधी भिजवा, मग आवळा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैलावतो आणि टँक घसरतो. आवळल्यावर बीसीडी धरून उचला, हलवा.

घरी आल्यावर तोंडाच्या नळीतून अर्धी बादली गोडं पाणी आत ओता, घुसळा, उलटं करून काढून टाका. दोनदा. मग अर्धवट फुगवून सावलीत रुंद हँगरवर. जूनमध्ये मालवणचं डाइव्हिंग बंद झालं की माझं कपाटाबाहेर तसंच टांगलेलं असतं. ऑक्टोबरात, पहिल्या डाइव्हच्या आठवडाभर आधी, मी ते पुन्हा एक रात्र फुगवून ठेवते.