लिंबू नैसर्गिकच, पण ओटा चुनखडीचा: घरगुती क्लीनरच्या या चुका टाळा

चतुर्थीला चार दिवस राहिले की मुंबईची मंडळी घरी येतात. हल्ली त्यांच्या सामानात एक जादा पिशवी असते. त्यात गवती चहाचं तेल, टी ट्री ऑइल, पांढरं व्हिनेगर आणि खायचा सोडा. "घरात केमिकल नको." बरं, नको. इथे वेंगुर्ल्यात तांब्याची भांडी आमसुलाने आणि सोनं रिठ्याने घासत आमच्या पिढ्या गेल्या, त्यामुळे मला हे काही नवं नाही. डोकं फिरतं ते अर्धवट ऐकून घाईने केलेल्या प्रयोगांनी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओट्यावर लिंबू. तीन वर्षांपूर्वी पुतणी आली ती पदर खोचूनच. "काकी, तू बस, ओटा मी चकाचक करते." रात्री तिने कडप्प्यावर लिंबं पिळली आणि डाग सुटावेत म्हणून पिळलेल्या फोडी तशाच उपड्या घालून झोपली. सकाळी काळ्या ओट्यावर पाच पांढरट चकत्या, पानाच्या डब्यातला चुना सांडावा तशा. तिला वाटलं साबण राहिलाय, म्हणून तिने आणखी लिंबू घेऊन घासलं. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "ह्यां काय केलंस गो?"

कडप्पा, शहाबादी, संगमरवर ही सगळी चुनखडीच्या जातीची. आंबट पदार्थ त्यांच्यावरचा मळ काढत नाही, दगडच खातो. त्या चकत्या म्हणजे डाग नव्हेत, तिथलं पॉलिशच गेलेलं असतं. कितीही धुतलं तरी ते परत येत नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. गणपतीत पॉलिशवाला कुठला मिळणार? मी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला, चार दिवस लाज झाकली, दिवाळीनंतर पॉलिश करून घेतलं. तेव्हापासून माझा नियम असा की कुठलंही नवं पाणी आधी शेगडीमागच्या कोपऱ्यात एक थेंब टाकून बघायचं. बारीक बुडबुडे आले किंवा चकाकी गेली, तर ते त्या दगडावर पुन्हा नाही. रोजच्या पुसण्याला रिठ्याचं पाणी किंवा साधा साबण पुरतो. व्हिनेगर मी नळांवरच वापरते. विहिरीच्या पाण्याने स्टीलवर धरलेला पांढरा थर त्याने छान सुटतो. थेंब खाली ओट्यावर मात्र पडू द्यायचे नाहीत.

सोडा आणि व्हिनेगर एका बाटलीत भरून ठेवणाऱ्यांना काय सांगावं! फसफसलं की त्यांना साफ झाल्यासारखं वाटतं. खरं तर दोघांनी एकमेकांना मारलेलं असतं, बाटलीत उरतं ते किंचित खारट पाणी. झाकण घट्ट लावलंत तर ते उडेल ते वेगळंच. आधी सोड्याने घासा, धुवा, मग हवं तर व्हिनेगर.

यापुढची चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पावसाळ्यात विहिरीत टाकून उरलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आपण शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि मोरीत मारतो. त्यावर कोणी व्हिनेगर, लिंबू किंवा बायोएन्झाइम (फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं क्लीनर) ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात छाती भरून यायला वेळ लागत नाही. माझ्याकडे टीसीएलचा दिवस वेगळा आणि आंबटाचा वेगळा. चुकून एकत्र झालंच तर दार उघडं टाकून आधी बाहेर पडा, आवराआवर नंतर.

बायोएन्झाइमचं प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. झाकणाचं मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. शेजारणीने एप्रिलात काचेची बरणी गळ्यापर्यंत भरून, झाकण आवळून माळ्यावर ठेवली. रात्री धाडकन आवाज झाला तेव्हा आम्हाला कौलावर नारळ पडला असं वाटलं. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा रस आंबवणाऱ्या गावात हे शिकवावं लागावं! प्लॅस्टिकची रुंद तोंडाची बाटली घ्या, वर चांगली जागा सोडा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. तीन आठवड्यांत गाळून "वास येतो हो" म्हणत माझ्याकडे येऊ नका. आणि तेही आंबटच, म्हणजे कडप्प्यावर तेही नाही.

सुगंधी तेलं पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात. नुसत्या पाण्यात दहा थेंब टाकून फवारलं की आधी पाणी येतं आणि शेवटी अंगावर निव्वळ तेल, मग पुरळ. मी तेल आधी रिठ्याच्या दाट पाण्यात फेटते, तरी दर वेळी बाटली हलवतेच. लिंबा-संत्र्याचं तेल पातळ प्लॅस्टिक मऊ करतं, त्याला गडद काचेची बाटलीच हवी.

घरात मांजर असेल तर टी ट्री विसरा. तिच्या शरीराला ते पचत नाही, आणि मांजर अंग चाटत बसते.

निलगिरीची बाटली कुलपात ठेवा. चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. तान्ह्याच्या नाकाला चोळण्याची हौसही नको.

रिठ्याचं पाणी श्रावणात दोन दिवसांवर टिकत नाही, तेल घातलं म्हणूनही नाही. आठ-दहा रिठे रात्री भिजवा, सकाळी उकळून गाळा, तेवढंच करा. गाळताना डोळ्यांत उडू देऊ नका, फार झोंबतं.