टीबी आणि जंत: सायटोकाइनच्या आधी स्टूलची डबी

टीबीच्या प्रतिकारशक्तीवर काम करायचंय म्हणून नवी मुलं येतात आणि पहिल्याच दिवशी सायटोकाइन (प्रतिकारपेशींचे निरोप नेणारी प्रथिनं) मोजायच्या किटबद्दल विचारतात. मी त्यांना आधी स्टूलच्या, म्हणजे शौचाच्या नमुन्याच्या, डब्या हाताळायला लावते. सिंधुदुर्गात टीबी रुग्णांमधल्या जंतांवर काम करताना माझं मत पक्कं झालंय, की हा अभ्यास टिकतो की पडतो ते रक्ताच्या आधी स्टूलच ठरवतं.

विषय थोडक्यात असा. टीबीचा जंतू मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीत दडून राहतो. त्याला आवरायला टीएच-१ प्रकारचा प्रतिसाद लागतो, म्हणजे इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ वगैरे सायटोकाइन. जंत शरीराला टीएच-२ या दुसऱ्या प्रकाराकडे ओढतात, त्यामुळे आयएल-४, आयएल-५ ही सायटोकाइन, आयजीई ही अँटीबॉडी आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. शिवाय स्वतः टिकून राहायला ते प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी आणि आयएल-१० वाढवतात, त्यात टीबीविरुद्धची धारही बोथट होऊ शकते. चित्र इतकं सुबक आहे की जरा संशयच घ्यावा. इथिओपियात जंत असलेल्या टीबी रुग्णांना अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देऊन केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात इओसिनोफिल आणि आयएल-१० घटले, पण दोन महिन्यांनंतरच्या तब्येतीत औषध नसलेली नकली गोळी घेतलेल्यांपेक्षा ठळक फरक दिसला नाही.

आता डबीकडे. सगळ्यात फसवा गट ‘जंत नाहीत’ हा. जंतांची अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने घ्या. आपल्याकडे लावणीला माणसं अनवाणी चिखलात असतात, माडाखालची माती ओलसर आणि सावलीची. अंकुशकृमी (हुकवर्म) या जंताची अळी पायातून शिरली तरी अंडी दिसायला साधारण दीड-दोन महिने जातात. तोवर स्टूल साफ आणि इओसिनोफिल मात्र चढलेले, असा रुग्ण तुम्ही बिनधास्त ‘जंत नाहीत’ मध्ये टाकाल.

अंडी मोजायच्या काटो-कॅट्झ पद्धतीच्या साच्यात ४१.७ मिलिग्रॅम स्टूल बसतं, मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणायचं, की एका ग्रॅममधली अंडी कळतात. अंकुशकृमीची अंडी ग्लिसरीनमुळे अर्ध्या-एक तासात विरघळल्यासारखी होतात, त्यामुळे स्लाइड लावून चहाला जायचं नाही. डबी गावातून एसटीने दुसऱ्या दिवशी पोचली तर अंडी फुटून अळ्या बाहेर आलेल्या असतात आणि त्या स्ट्राँगिलॉइडिस या दुसऱ्याच जंताच्या समजल्या जातात. अळीच्या तोंडाची पोकळी बघा: अंकुशकृमीची लांब, स्ट्राँगिलॉइडिसची आखूड. हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. टीबीच्या मेंदुज्वरात स्टेरॉइड देतात, आणि पोटात स्ट्राँगिलॉइडिस असेल तर ते जिवावर बेतू शकतं. त्याला अल्बेंडाझोलचा एक डोस पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं.

रुग्णाकडून डबी मिळवणं ही वेगळीच कला. “जंत पोरांच्या पोटात आसतत, माझ्या खंयसून येतले?” हे प्रत्येक आजी ऐकवते. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची गोळी १ ते १९ वयालाच मिळते, त्यामुळे समज पक्का झालाय. वाद घालू नका, आशाताईंना सोबत न्या. गणपतीच्या दिवसांत नमुने मिळतील या आशेवर राहू नका. मुंबईहून चाकरमानी आलेले असताना घरात टीबीचं नावही कुणाला नको असतं.

रक्त टीबीचं औषध सुरू व्हायच्या आधी घ्या, कारण उपचाराने सायटोकाइन बदलतात. साखर आणि वजन नोंदवलं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मधुमेह आणि कुपोषण दोन्ही हेच आकडे हलवतात.

आणि ज्याला जंत सापडले त्याला औषध डॉक्टरांकडून मिळायलाच हवं, ते अभ्यासासाठी थांबवता येत नाही. मग औषधानंतर घेतलेलं त्याचं दुसरं रक्त ‘जंत असलेला’ म्हणून मोजायचं की ‘जंत काढलेला’, हे आराखड्यातच लिहा. नैतिकता समिती हाच प्रश्न पहिला विचारते.