धिंगरीचं बियाणं: सोलापूरकडच्या उत्पादकांनी या चुका टाळा

धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम, आणि तिचं बियाणं (स्पॉन) म्हणजे दाण्यांवर वाढवलेले बुरशीचे तंतू. ते कडब्यात मिसळलं की पिशवी तंतूंनी पांढरीशुभ्र भरते, पण पिनहेड (छत्रीचे बारीक कोंब) धरत नाहीत. किंवा धरले तर देठ लांबलचक आणि टोपी बटणाएवढी. मग दोष कडब्यावर आणि पाण्यावर जातो, वाणाकडे कुणी बघत नाही.

हवामान न बघता वाण घेणे. किती तापमानाला फळ धरायचं हे वाणाच्या जनुकांत ठरलेलं असतं, फवारे मारून ते बदलत नाही. धिंगरीच्या फ्लोरिडा या जातीला साधारण २० ते २५ अंश मानवतात, म्हणून ती थंडीत घ्या. साजोर-काजू या दुसऱ्या जातीला २५ ते ३० चालतात. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर गेला की धिंगरी थांबवून दुधी आळिंबी घ्यावी. तिला ३० ते ३५ अंश लागतात, त्यामुळे ओलं गोणपाट आणि कूलर तरीही हवाच. बटन मशरूमला फळ धरताना १६ ते १८ अंश लागतात, तेव्हा एसीशिवाय त्याच्या नादी लागू नका.

बियाण्यातून बियाणं वाढवत राहणे. सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. चांगल्या पाकिटातले मूठभर दाणे उकडून निर्जंतुक केलेल्या ज्वारीत टाकायचे, त्यातून पुढचं पाकीट, मग त्याच्या पुढचं. दाण्यांवर फळण्याची परीक्षाच होत नाही, तिथं फक्त भरभर पसरणारे तंतू पुढं जातात. ज्यांच्या जनुकांत फळ धरण्याचा बिघाड झालाय, तेही त्या गर्दीत बिनबोभाट वाढतात. कापसासारखी फुगीर वाढ, एकाच बाटलीत वेगवेगळ्या पोताचे पट्टे आणि उशिरा येणारे पिनहेड ही त्याची लक्षणं. मूळ कल्चर (माध्यमावर वाढवलेली शुद्ध बुरशी), त्यापासून दाण्यांवरचं पहिलं बियाणं म्हणजे मास्टर स्पॉन, आणि त्यातून पिशवीत भरायचं बियाणं, इथंच साखळी थांबवा.

टोपीखालच्या भुकटीतून, म्हणजे बीजाणूंतून, बियाणं करणे. धिंगरीच्या एका बीजाणूपासून वाढलेली तंतूंची जाळी सहसा एकटी फळत नाही, तिला जुळणारी दुसरी जाळी मिळावी लागते. जुळणी 'ए' आणि 'बी' हे दोन जनुकीय घटक ठरवतात. दोन्ही वेगळे असतील तरच जोडी जमते. एकाच छत्रीतले दोन बीजाणू घेतले, तर हे साधारण चारांत एकदा घडतं. जमली तरी हाती येतो नवाच वाण, मूळचा नव्हे. वाण राखायचा असेल तर पहिल्या तोडणीतली निकोप, ताजी छत्री चिरा. देठ-टोपीच्या सांध्यातला आतला तांदळाएवढा तुकडा निर्जंतुक चिमट्यानं पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार) माध्यमावर ठेवा.

अंधार आणि कोंदट हवेचा दोष बियाण्यावर टाकणे. कोप्रिनॉप्सिस या छत्रीच्या बुरशीत डीएसटी१ हे जनुक बिघडलं, की भर उजेडातही ती अंधारातल्यासारखे लांब देठ काढते. उजेड ओळखणं जनुकांच्या हाती आहे ते असं. पण तुमच्या खोलीत जनुक शाबूत असून उजेडच नसेल, किंवा कार्बन डायऑक्साइड साठला असेल, तरी देठ लांबतातच. पिशवी तंतूंनी पांढरी भरल्यावर रोज ३-४ तास मंद उजेड आणि दोन-तीनदा ताजी हवा द्या, आर्द्रता ८० ते ९० टक्के ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत खिडकी उघडली की लगेच फवारा हवा.

नक्की दोष कुणाचा हे असं ठरवा. नवीन बियाण्याच्या चार पिशव्या एकाच कडब्याच्या भरा, १० किलो ओल्या कडब्याला २०० ते ३०० ग्रॅम बियाणं. दोन नेहमीच्या खोलीत, दोन मोकळ्या हवेच्या पण सावलीतल्या, ओलसर जागी ठेवा. मोकळ्या जागेतल्या सुधारल्या तर हवा-उजेड दुरुस्त करा. तापमान वाणाला साजेसं असून चारही रुसल्या, तर तो लॉट बाजूला काढा. त्यासाठी प्रत्येक पिशवीवर लॉट क्रमांक आणि तारीख आधीच लिहून ठेवा.