चालायचा चक्रव्यूह आखताय? गोव्यात या चुका टाळा

गोव्यात जमिनीवर चालायचा चक्रव्यूह (इंग्रजीत लॅबिरिंथ) आखायची हौस आलेली मंडळी आधी मोबाइलवर आकृती शोधतात आणि मग जागा बघायला निघतात. क्रम इथेच चुकतो. सात फेऱ्यांची आकृती शाळकरी पोरालाही एका दुपारी शिकवता येते. पण माडाखाली, भरतीच्या पट्ट्यात किंवा शिगम्याच्या (गोव्यातल्या शिमग्याच्या) मांडावर काढलेला चक्रव्यूह कितीही देखणा असला तरी टिकत नाही, आणि टिकलाच तर भांडण लावून देतो. त्यामुळे इथे जागेबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

पहिली चूक मात्र डोक्यातली. चक्रव्यूह म्हटले की अभिमन्यू आठवतो आणि ‘आत अडकलो तर?’ असे कोणीतरी विचारतेच. चालायच्या चक्रव्यूहात वाट एकच असते. ती मध्याजवळ नेते, पुन्हा कडेला आणून सोडते, शेवटी आत पोचवते आणि त्याच वाटेने माणूस बाहेर येतो. फाटे, फसव्या गल्ल्या हे सगळे भुलभुलैयाचे. मुलांना मजा यावी म्हणून आयोजक मध्येच एखादा फाटा घालतात. मग लोक त्या तोंडाशी थांबतात, मागचे खोळंबतात आणि शांतपणे चालायला आलेला माणूस चिडून कडेच्या चिऱ्यांवरून (जांभ्या दगडांवरून) उड्या मारत बाहेर पडतो. भुलभुलैया करायचा असेल तर खुशाल करा, पण वेगळा करा.

शोधायला जाताना

गोव्यात राहून चक्रव्यूह बघायला परदेशी जायची गरज नाही. सांगे तालुक्यात रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळचा कातळ आहे. पणसायमळ म्हणूनही तो ओळखला जातो. बैल, हरणे, माणसे यांच्या सोबतीने तिथे एक चक्रव्यूह कोरलेला आहे. १९९३ मध्ये राज्याच्या पुरातत्त्व खात्यामुळे ही जागा अभ्यासकांसमोर आली, आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांची जी नोंद युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली, तिच्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या शिल्पांबरोबर गोव्याची ही जागाही आहे.

तिथे होणाऱ्या चुका ठरलेल्या. चक्रव्यूह दिसला की लोक त्यावर चालू बघतात. हा चालायचा नव्हे. कोरीव रेषांवर पाय ठेवायचाच नाही, अनवाणीसुद्धा नाही. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रांगोळी भरणे त्याहून वाईट. ऐन दुपारी गेलात तर डोक्यावरच्या उन्हात खोदकाम सपाट दिसते आणि ‘काहीच नाही इथे’ म्हणून माणूस परत फिरतो. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर जा. तिरप्या उजेडात एकेक रेषा सावली धरते आणि खडूची गरजच उरत नाही.

शहरातले चक्रव्यूह शोधायला ‘वर्ल्ड-वाइड लॅबिरिंथ लोकेटर’ ही जगभरची यादी उपयोगी पडते. पण यादीत नाव आहे म्हणून गाडी काढू नका. एका दिवसासाठी काढलेला चक्रव्यूह पुसला गेला तरी त्याची नोंद राहून जाते. काही नोंदी खासगी आवारातल्या असतात आणि गेटवरचा रखवालदार तुम्हाला आत सोडत नाही. आधी फोन करा. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचा चक्रव्यूह जगात सर्वांत प्रसिद्ध: तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, ११ फेऱ्यांचा, सुमारे १३ मीटर व्यासाचा. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. वर्षातल्या ठरावीक काळात, तेही शुक्रवारी, तो मोकळा करतात. वार न बघता गेलेले पर्यटक खुर्च्यांखालची फरशी बघून परततात.

आणि प्रत्येक चक्रव्यूह पायांनीच चालायचा असतो असेही नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेला १५० वर्षे झाली तेव्हा, २०१३ मध्ये, मार्क वॉलिंजर या कलावंताने २७० स्थानकांत प्रत्येकी एक वेगळा चक्रव्यूह भिंतीवर लावला. लोक गाडीची वाट बघत त्यावरून बोट फिरवतात. आपल्या बसस्टँडवर जमीन मिळणार नाही, भिंत मिळू शकते. जमिनीचा हट्ट धरून वर्ष घालवण्यापेक्षा हे बरे.

जागा: पाणी, माड आणि माणसे

मिरामारला किंवा कोलव्याला वाळूत आखणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे, ‘अर्धा झाला आणि लाट आली.’ लाट सांगूनच येते, आपण विचारत नाही. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटे उशिरा. काल संध्याकाळी पाचला किनारा मोकळा होता म्हणून आज पाचला तसाच असेल, हा हिशेब म्हणूनच फसतो. त्या तारखेचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघा. सुकती (ओहोटी) लागल्यावर, पाणी निम्मे मागे सरले की आखायला सुरुवात करा. ओल्या, घट्ट वाळूत काठीची रेघ स्वच्छ उठते आणि हातात चारेक तास राहतात. पाण्याच्या भीतीने वर कोरड्या वाळूत गेलात तर रेषेच्या कडा कोसळतात आणि दहा माणसे चालली की वाट कुठली, रेघ कुठली कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी एरवीपेक्षा वर चढते, पण मागेही जास्त सरते. वेळ नीट साधली तर तेच दिवस मोठ्या आकृतीला चांगले.

वाळूच्या टेकड्यांवर जाऊ नका. तिथली मर्यादवेल वाळू धरून ठेवते, ती तुडवली की टेकडी सुटते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीच्या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालायला येतात. तिथे रात्री दिवे लावून चक्रव्यूहाचा कार्यक्रम करणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. आणि लोकांना अनवाणी चालायला लावणार असाल तर आधी पूर्ण पट्टा स्वतः फिरून फुटलेल्या बाटल्यांच्या काचा उचला. गोव्याच्या किनाऱ्यावर हे काम आखण्याइतकेच महत्त्वाचे.

माडाच्या सावलीचा मोह भल्याभल्यांना होतो. वर नारळ आहेत, सुकलेल्या झावळ्या आहेत, आणि खाली माणूस मान घालून संथ चालतो आहे. याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. सावली हवीच तर वड, पिंपळ किंवा पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) बघा. मुळे वर आली असतील तर वाट त्यांना वळसा घालून जाऊ द्या.

गावात मोकळी, सारवलेली, सपाट जागा दिसली की ती रिकामी आहे असे धरून चालू नका. तो मांड असू शकतो. शिगम्याला तिथे गाव जमतो, त्या जागेचे मान आणि नियम ठरलेले असतात. पंचायतीचा कागद हातात असला तरी आधी गावच्या जाणत्यांना विचारा. शहरातही तसेच: उद्यान पालिकेचे असते, पण सकाळी सहाला तिथे चालणारे आजोबा स्वतःला मालकच समजतात, आणि त्यांचे चुकत नाही. त्यांच्या रोजच्या वाटेवर आखलेला चक्रव्यूह दोन दिवसांत तुडवला जातो. त्यांनाच बोलावून दोरी धरायला दिली तर तेच पुढे पोरांना ओरडून त्याची राखण करतात. आखताना ‘रांगोळी स्पर्धा आसा काय?’ असे विचारत लोक येणारच. एक माणूस फक्त उत्तरे द्यायला ठेवा.

जुन्या गोव्यात (ओल्ड गोवा) दगड रोवून काही कायमचे करायचा विचार सोडून द्या. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. किनाऱ्यावरही किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात. काठीने रेघ मारणे वेगळे आणि चिरे आणून बसवणे वेगळे.

आकृती जुळत नाही तेव्हा

सात फेऱ्यांची जुनी आकृती मधल्या फुलीपासून वाढते: एक फुली, तिच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन, आणि या सगळ्याला वेढणाऱ्या कल्पित चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार ठिपके. अशी १६ टोके होतात. फुलीचे वरचे टोक लगेच उजवीकडच्या काटकोनाच्या वरच्या टोकाला कमानीने जोडायचे, मग डावीकडचे पुढचे टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला, असे करत ८ कमानी झाल्या की संपले.

सर्वांत जास्त फसगत होते ती फुलीच्या जागेवरून. लोक ती जागेच्या बरोबर मधोमध काढतात आणि वरच्या कमानी कुंपणाबाहेर जायला लागतात. वाटेची रुंदी हे माप धरले तर फुलीच्या मध्यापासून वर सुमारे साडेनऊ वाटा लागतात आणि खाली फक्त चार. म्हणजे फुली बरीच खाली सरकवायची. आडवी जागा वाटेच्या १५ पट लागते: ६० सेंटिमीटरची वाट म्हणजे ९ मीटर, आणि चाकाची खुर्ची जावी म्हणून ९० सेंटिमीटर ठेवली तर साडेतेरा मीटर. वाट अरुंद करून जागा वाचवू नका. आत जाणारा आणि बाहेर येणारा याच एका वाटेवर समोरासमोर येतात, आणि एकाला तरी अंग चोरून उभे राहता आले पाहिजे.

मध्येच वाट बंद झाली तर एखादे टोक जोडताना सुटलेले असते. तपासायची सोपी रीत आहे. तोंडातून आत शिरल्यावर तुम्ही बाहेरून तिसऱ्या फेरीत पोचायला हवे, मग दुसरी, पहिली, चौथी, सातवी, सहावी, पाचवी आणि मग मध्य. शिरताक्षणी सर्वांत बाहेरच्या फेरीत आलात तर पुढे चालूच नका, कमानी पुन्हा मोजा. हे कागदावर किंवा वाळूत बोटाने आधी करून बघितले तर चुना वाया जात नाही.

साहित्याचे थोडक्यात. मैदानावर मारतात ती चुन्याची फक्की आखूड गवतावर छान उठते, पण थंडीत दव पडले की फिकी होते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच मारा. सुंभाची दोरी सगळ्यांत सोयीची: गुंडाळून नेता येते, डाग पडत नाही. मात्र ती खुंट्यांनी धरून ठेवा, नाहीतर पायात अडकून कोणीतरी पडेल. करवंट्या मांडणार असाल तर पालथ्या घाला. उताण्या करवंटीत पाणी साचले की डास होतात, आणि मग पालिका तुमचा चक्रव्यूह उचलून नेईल, बरोबरच करेल. चिऱ्यांचे तुकडे दिसायला सुरेख, पण पहिल्या पावसातच शेवाळ धरतात. जून ते सप्टेंबर चालायची वाट बंद ठेवा किंवा मेअखेरीस चिरे उचलून एका कडेला रचून ठेवा.

राहिला जागतिक चक्रव्यूह दिवस. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जगभर आपापल्या घड्याळात दुपारी एकला एकत्र चालायची प्रथा आहे. ही वेळ ज्यांनी ठरवली ते मे महिन्यात कधी पणजीत उभे राहिले नसावेत. त्या उन्हात फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा. आपल्याकडे सकाळी साडेसहाला चाला आणि आठच्या आत आटपा. आयोजकांनी पाण्याचा माठ आतल्या मध्याशी न ठेवता तोंडाशी ठेवावा, म्हणजे तहान लागलेल्या माणसाला पूर्ण फेरा पुरा करावा लागणार नाही.