एक इंजिन बंद पडल्यावर: आधी पाय, मग हात

दोन इंजिनांचं विमान उडवायचं, तर पहिलं काम जमिनीवरचं. प्रोपेलर कुठल्या दिशेने फिरतात, हे माहीत करून घ्या. मागून पाहता दोन्ही घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असतील, तर चढताना उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं. मग उजव्या इंजिनाची ओढ विमानाच्या मध्यरेषेपासून लांब पडते, डाव्याची जवळ. डावं गेलं की ती लांबची ओढ एकटी उरते आणि नाक जोरात वळतं. म्हणून डावं इंजिन ‘क्रिटिकल’, म्हणजे ज्याचं जाणं जास्त महागात पडतं. पायपर सेमिनोल या दोन इंजिनांच्या छोट्या प्रशिक्षण विमानाचा उजवा प्रोपेलर उलटा फिरतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच. पण अशा विमानात इंजिन जाणं सोपं असतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ताकद निम्मी होते. चढण्याचा वेग मात्र 80 टक्के किंवा त्याहूनही जास्त घटतो.

इंजिन गेलं की रडरने (पायांनी चालवायच्या, शेपटीवरच्या उभ्या पट्टीने) नाक सरळ, पंख चालू इंजिनाकडे दोन-तीन अंश झुकलेला, वेग वेगदर्शकावरच्या निळ्या रेषेवर (एका इंजिनावर सर्वात चांगलं चढण्याचा वेग). पूर्ण ताकद, चाकं वर, फ्लॅप (पंखांमागच्या पट्ट्या) वर.

आता खरा अवघड टप्पा: कुठलं इंजिन गेलं? मलाही सुरुवातीला हाच जड गेला. ‘गेज बघा’ हा सल्ला पिस्टन इंजिनाच्या विमानात घातक आहे. बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहतो, आरपीएम (मिनिटाला फेरे) जवळपास तेवढाच दिसतो. थ्रॉटल (ताकदीचा दांडा) उघडा असला तर मॅनिफोल्ड प्रेशरही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) फसवतं. पायावर विश्वास ठेवा. रडरने नाक सरळ ठेवताना जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन बंद.

तरीही लगेच फेदर करू नका, म्हणजे प्रोपेलरची पाती वाऱ्याला समांतर वळवू नका. त्या बाजूचा थ्रॉटल सावकाश पूर्ण मागे घ्या. पायाखाली काहीच बदललं नाही, तर निदान बरोबर. रडरचा जोर कमी करावा लागला, तर चालू इंजिन हातात आहे. थ्रॉटल तत्काळ पुढे! 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर 72 या प्रवासी विमानाचं उजवं इंजिन फेदर झालं आणि वैमानिकाने डावं, धडधाकट इंजिन बंद केलं. 43 माणसं गेली. खात्री करायला दोन सेकंद लागतात, ती घ्याच.

खात्री पटली की रेंगाळू नका, फेदर करा. सेमिनोलमध्ये आरपीएम 950 च्या खाली गेला की प्रोपेलर फेदर होतच नाही.

वेग वेगदर्शकावरच्या लाल रेषेकडे (एका इंजिनावर नाक आवरता येण्याचा किमान वेग) घसरून नाक आवरेनासं झालं, तर चालू इंजिनाची ताकद कमी करा आणि नाक खाली घ्या. मन तयार होत नाही, म्हणून हे प्रशिक्षकासोबत, भरपूर उंचीवर, हाताला सवय होईपर्यंत करा.